जिवंतपणी तीन, मेल्यावर सात

वरणगावला पाणी मध्यरात्री यायचं. भुसावळजवळचं हे गाव. नळाला धार आली की सगळ्या आळीने हंडे-कळशा घेऊन बाहेर पडायचं, अशी तिथली रीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलेल्या एका निकालात पाण्याच्या या वेळेला भलतंच महत्त्व आलं. या गावात नांदायला आलेल्या एका सुनेने मे २००२ मध्ये आत्महत्या केली होती. माहेरच्यांची तक्रार अशी होती : स्वयंपाकावरून टोमणे मारायचे, टीव्ही बघू द्यायचे नाहीत, शेजारी किंवा देवळात एकटीला जाऊ द्यायचे नाहीत, सतरंजीवर झोपवायचे, अर्ध्या रात्री पाण्याला पाठवायचे. खालच्या कोर्टाने २००४ मध्ये नवऱ्याला आणि सासरच्यांना दोषी ठरवलं. वीस वर्षांनी उच्च न्यायालयाने म्हटलं की त्या वेळी अख्खं गावच पाणी भरत होतं, बाकीच्या गोष्टी घरगुती स्वरूपाच्या आहेत आणि कायद्याला अपेक्षित असलेला तीव्र छळ यातून सिद्ध होत नाही. आरोपी सुटले.

कोर्टाला समोर आलेल्या पुराव्यावरच निकाल द्यायचा असतो, त्यामुळे निकालावर बोट ठेवण्यात अर्थ नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. हीच पाच-सहा गाऱ्हाणी घेऊन ती बाई जिवंतपणी पोलीस ठाण्याची पायरी चढली असती तर पुढे काय झालं असतं? फार तर सासरच्यांना बोलावून समज दिली गेली असती आणि तिला, ‘सांभाळून घे’ म्हणून परत पाठवलं असतं. ज्या गोष्टींची ती असताना कोणी साधी नोंदही केली नसती, त्याच ती गेल्यावर पुराव्याच्या तराजूत वजनाला लागल्या. घरातल्या हिंसेला आपली फौजदारी व्यवस्था शिक्षा कशी देते, कुणाला देते आणि कधी देते याचं उत्तर या उलट्या क्रमात आहे.

एक मंजुश्री

या क्रमाची सुरुवात पुण्यातच शोधावी लागते. जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा सासरच्या घरात सायनाइडने मृत्यू झाला. लग्नाला पुरते पाच महिनेही झाले नव्हते. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत सासरच्या घुसमटीच्या खुणा होत्या. शहर ढवळून निघालं. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली ‘नारी समता मंच’ ही संघटना याच अस्वस्थतेतून आली, आणि ‘मी एक मंजुश्री’ हे तिचं पोस्टर प्रदर्शन महाराष्ट्रभर फिरलं.

कोर्टात मात्र खटला खुनाचा होता. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी ठोठावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी अखंड हवी, याची पाच सूत्रं न्यायमूर्ती फजल अली यांनी या निकालात मांडली. आजही देशातल्या कुठल्याही सत्र न्यायालयात बचावाचा वकील ती ‘पंचशील’ म्हणून वाचून दाखवतो. मंजुश्रीने आत्महत्या केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तेव्हा संशयाचा फायदा आरोपीला, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

त्याच पुराव्यावर दोन वर्षांत एक माणूस फाशीपासून निर्दोष सुटकेपर्यंत गेला, कारण मधली पायरीच नव्हती. पत्रांतून दिसणारा त्रास स्वतंत्रपणे बसेल असा गुन्हाच तेव्हा कायद्यात नव्हता. खून सिद्ध झाला तर फाशी किंवा जन्मठेप, नाहीतर काहीच नाही. ही मधली पायरी १९८३ च्या अखेरीस आली. तीच कलम ४९८-अ, बोलीभाषेतली ‘चारशे अठ्ठ्याण्णव’. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम ३०४-ब आलं : किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत या कलमांचे क्रमांक बदलले. पहिलं झालं ८५ आणि ८६, दुसरं ८०. शिक्षेचे आकडे मात्र जागच्या जागी राहिले. १९८६ पासून हिशेब असा आहे : छळ सोसून बाई जगली तर जास्तीत जास्त तीन, मेली तर कमीत कमी सात.

कानशिलाची किंमत

या दोन पायऱ्यांच्या खालीही एक जग आहे आणि बहुतेक बायका तिथेच अडकतात. नवऱ्याने कानशिलात मारली, केस धरून ओढलं, हात पिरगळला, तर कायद्याच्या लेखी ती साधी दुखापत. तिला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, पण गुन्हा अदखलपात्र. ठाणे अंमलदार ‘एन.सी.’ नोंदवतो, तिच्या हातात एक कागद देतो आणि ‘कोर्टात जा’ म्हणतो. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. कित्येक घरांत अशा कागदांची चळत साड्यांच्या घड्यांखाली जपून ठेवलेली असते. बाई गेल्यावर तीच पंचनाम्यात निघते आणि मग, ‘आधीपासून त्रास होता’ याचा पुरावा ठरते.

मारहाण रोजची असेल तर ४९८-अ का लागत नाही? लागतं, पण त्या कलमाची व्याख्या पाहावी. क्रूरता म्हणजे स्त्रीला आत्महत्येकडे ढकलेल किंवा तिच्या जिवाला, अवयवाला, शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर धोका होईल असं वर्तन. किंवा पैसा, मालमत्ता उकळण्यासाठी केलेला छळ. कायद्याने मापच मरणाच्या काठावर ठेवलं आहे. टीव्ही, देऊळ आणि अर्ध्या रात्रीचं पाणी त्या मापात बसलं नाही, यात नवल कसलं? पैशाच्या मागणीशिवायचा, हाडं न मोडणारा, रोजचा संथ छळ या चाळणीतून सहज गळून पडतो. आणि पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याने जबरदस्तीने केलेला संभोग आजही बलात्कार ठरत नाही. नव्या संहितेनेही तो अपवाद तसाच ठेवला.

नव्या संहितेने समाजसेवा हा नवा शिक्षाप्रकार आणला. दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घालणाऱ्याला ही शिक्षा देता येते. तोच माणूस घरी येऊन बायकोला बडवतो, तेव्हा कायद्याने समाजसेवेचा हा मार्ग ठेवलेला नाही. तिथे तुरुंग, दंड, चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड किंवा सुटका.

लग्नाला किती वर्षं झाली?

विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला की पोलिसांचा पहिला प्रश्न असतो, ‘लग्नाला किती वर्षं झाली?’ सात वर्षांच्या आत असेल तर मॅजिस्ट्रेटच्या अधिकारातला पंचनामा होतो, म्हणून तहसीलदार किंवा नायब तहसीलदाराला बोलावणं जातं. शवविच्छेदन टळत नाही. मृत्यू अनैसर्गिक आहे आणि त्याच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाला होता, एवढं सिद्ध झालं की पुढचं कोर्ट गृहीत धरतं, आणि ते खोडून काढण्याचा भार सासरच्यांवर येतो. सात वर्षं उलटून एक दिवस गेला की हे गृहीतक संपतं. मार त्याच हातांचा असतो, पण शिक्षेचा हिशेब लग्नपत्रिकेवरच्या तारखेवर ठरतो.

‘हुंडा’ सिद्ध करणंही सोपं नाही. २००७ मध्ये आप्पासाहेब विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आला. मराठवाड्यातलं शेतकरी कुटुंब. सून विष पोटात गेल्याने गेली. घरखर्चाला आणि शेतात टाकायच्या खताला माहेरहून पैसे आण, असा तिच्यामागे लकडा होता. सत्र न्यायालयाने सात वर्षं दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं : अडचणीपोटी घरखर्चासाठी किंवा खतासाठी मागितलेले पैसे म्हणजे लग्नाशी जोडलेला हुंडा नव्हे. महाराष्ट्राच्या कुठल्याही खेड्यात विचारा. मानपान आणि अंगठी लग्नात उरकते. ‘तुझ्या बापाकडून आण’ हे त्यानंतर सुरू होतं, कधी बियाण्याला, कधी मोटारसायकलला, कधी दवाखान्याला. २०१५ मध्ये राजिंदर सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा निकाल चुकीचा ठरवला. मधली आठ वर्षं मात्र देशभरचे बचावाचे वकील खताचा दाखला देत राहिले.

शिक्षा पक्की झाली तरी ती किती द्यायची? हुंडाबळीत सात वर्षं ते जन्मठेप एवढं मोठं मैदान न्यायाधीशापुढे असतं. १९९४ मध्ये हेमचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कलमाखाली जन्मठेप क्वचितच द्यावी. त्यापलीकडे कुठल्या प्रकरणात सात, कुठल्यात दहा, याचं बांधीव उत्तर नाही. मलिमठ समितीने २००३ मध्ये शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस केली, पुढे माधव मेनन समितीनेही केली. अशी तत्त्वं आपल्याकडे नाहीत, याकडे सर्वोच्च न्यायालयानेही लक्ष वेधलं. तरी नव्या संहितांमध्ये त्यांना जागा मिळाली नाही.

शिक्षेचा दिवस

४९८-अ च्या खटल्यात आरोपी मॅजिस्ट्रेट कोर्टात दोषी ठरल्यावर ‘शिक्षेच्या मुद्द्यावर’ सुनावणी होते. ती घ्यावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या संतासिंग खटल्यात बजावलं आहे. लहान कोर्टांत ती बहुधा पाच-दहा मिनिटांत उरकते. आरोपी पिंजऱ्यात हात जोडून उभा राहतो. पहिलाच गुन्हा, घरात एकटाच कमावता, आईवडील म्हातारे, आईला मधुमेह, नोकरी जाईल, दहा वर्षं तारखांना हेलपाटे घालतोय, तेव्हा दया दाखवावी. सरकारी वकील उठून म्हणतात, जास्तीत जास्त शिक्षा व्हावी. स्टेनो टाइप करतो. मग सहा महिने, एक वर्ष, क्वचित दोन-तीन वर्षं आणि काही हजारांचा दंड. चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडायलाही कायद्याची आडकाठी नाही.

त्यानंतरची गोष्ट बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. आरोपी आधीच जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर अपील करण्यासाठी तेच कोर्ट त्याला जामिनावर सोडतं. नकार द्यायचा तर खास कारण नोंदवावं लागतं. म्हणजे ४९८-अ मध्ये कमाल शिक्षा झालेला माणूसही बहुधा त्याच संध्याकाळी घरी जेवायला असतो. अपील वर्षानुवर्षं चालतं. शेवटी तो प्रौढ झालेला असतो, दुसरं लग्न करून मुलाबाळांत रमलेला असतो, आणि बऱ्याचदा निकाल येतो, ‘भोगली तेवढी शिक्षा पुरे.’ भोगलेली असते अटकेनंतरची काही दिवसांची कोठडी.

या सगळ्यात ती कुठे असते? शिक्षेच्या सुनावणीत बोलण्याचा हक्क कायद्याने आरोपीला दिला आहे. किती वर्षं सोसलं, मुलांनी काय पाहिलं, कानाने कायमचं ऐकू येईनासं झालं का, आज ती कुठे राहते, तिला अजून भीती वाटते का, हे विचारायची सक्ती कुणावर नाही. ‘शिक्षा कमी झाली’ म्हणून तिला अपीलही करता येत नाही. २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पीडित व्यक्तीला अपिलाचा हक्क मिळाला, पण आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तरच. शिक्षा वाढवून मागण्याचा अधिकार सरकारचाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही तेच कायम ठेवलं. भरपाईचा तरी विचार व्हावा आणि तो केल्याची कारणं निकालात लिहावीत, असं अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व कोर्टांना सांगितलं आहे. बऱ्याच निकालपत्रांत तो परिच्छेद शोधूनही सापडत नाही.

इंग्लंडमध्ये घरगुती हिंसेच्या गुन्ह्यांना शिक्षा देण्यासाठी २०१८ पासून स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांतल्या काही गोष्टी आपल्याही कामाच्या आहेत. घरातली हिंसा ही विश्वासाचा भंग करणारी असते, म्हणून ती परक्याने केलेल्या हिंसेपेक्षा कमी गंभीर धरू नये, उलट जास्त गंभीर धरावी. समाजातलं चांगलं नाव हा आपोआप सौम्यतेचा मुद्दा होत नाही, कारण त्या नावाआडच छळ झाकला जातो. मुलांवर झालेला परिणाम मोजावा. आणि, ‘त्याला सोडा’ असं बाई म्हणाली म्हणून शिक्षा ठरवू नये. तसं म्हणण्यासाठी तिच्यावर दडपण आलेलं असू शकतं आणि निकालाची जबाबदारी तिच्या डोक्यावर टाकणं धोक्याचं असतं. तिचं ऐकायचं, पण निर्णयाचं ओझं कोर्टाने उचलायचं, हा फरक आपल्याकडच्या चर्चेत येतच नाही.

आकड्यांच्या दोन बाजू

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के जणींनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या टोकाला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे. २०२२ मध्ये स्त्रियांवरील ४,४५,२५६ गुन्ह्यांपैकी १,४०,०१९ पती व नातेवाइकांच्या क्रूरतेचे होते. त्याच वर्षी हुंडाबळी ६,४५०.

२०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ मधल्या सरसकट अटकेला वेसण घातली. त्यासाठी दिलेले २०१२ चे आकडे अनेकदा ‘खोट्या केसेस’चा पुरावा म्हणून फिरवले जातात : १,९७,७६२ जणांना अटक, आरोपपत्राचं प्रमाण ९३.६ टक्के आणि दोषसिद्धी फक्त १५ टक्के. गैरवापर होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. फिर्यादीत दूर गावी नांदणारी नणंद, सत्तरीतला सासरा, मामेसासू अशी सगळी नावं ओवली जातात. त्यांना तारखांना खेटे घालावे लागतात, आणि हा अन्यायच आहे. पण १५ टक्क्यांमागे आणखी एक गोष्ट आहे. बाई मूळ फिर्यादीवरून मागे फिरते.

का फिरते, हे कुठल्याही महिला तक्रार निवारण केंद्रात बसलं की कळतं. ‘त्याला आत टाकू नका, फक्त दम द्या,’ हे वाक्य तिथे रोजचं. तिला मार थांबायला हवा असतो, अंगावरचे दागिने परत हवे असतात, मुलांच्या फीचे पैसे आणि डोक्यावर छप्पर हवं असतं. नवरा तुरुंगात गेला तर पगार थांबेल, खावटी कुठून येणार? मग बैठका होतात, एक रक्कम ठरते, घटस्फोटाचा संमतीचा अर्ज होतो आणि त्यात एक अट असते : चारशे अठ्ठ्याण्णव मागे घ्यायचं. फौजदारी प्रक्रियेच्या मूळ यादीत हा गुन्हा आपसांत मिटवण्याजोगा नाही. पण २००३ च्या बी. एस. जोशी निकालापासून समझोता झाला की उच्च न्यायालय फिर्याद रद्द करू शकतं. फिर्यादी बाई प्रतिज्ञापत्रावर सांगते, माझी काही तक्रार नाही. खटला संपतो. तिच्या हाती दुसरं हत्यारच नव्हतं, म्हणून शिक्षेचं कलम वाटाघाटीचं हत्यार होऊन बसलं. एकीकडे गैरवापराची ओरड आणि दुसरीकडे शिक्षा होत नाही ही ओरड, दोन्हींचं मूळ इथेच आहे.

छोटी शिक्षा, वेळेवर

तिला जे हवं असतं ते देऊ शकणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अस्तित्वात आहे : कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम, २००५. तो मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, पैसे, मुलांचा ताबा, भरपाई. टोमणे, पैसे अडवून ठेवणं, लैंगिक जबरदस्ती या साऱ्यांना तो हिंसा म्हणतो. २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा निकालाने सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही ‘सामायिक घर’ ठरू शकतं असं सांगितल्यावर, ‘घर माझं नाहीच’ ही पळवाट बरीच अरुंद झाली. अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

आदेश मोडण्याला शिक्षा देणाऱ्या या कलम ३१ चा आकडा सगळ्यांत छोटा आहे. तरीही मला ते सगळ्यांत कामाचं वाटतं, कारण ते बाई जिवंत असताना चालतं. ‘तू काय केलंस’ हे दहा वर्षांनी शोधण्यापेक्षा, ‘कोर्टाने हे करू नकोस म्हटलं, तरी काल रात्री केलंस’ एवढंच इथे पाहायचं असतं. पुरावा ताजा असतो, प्रश्न सोपा असतो. हे कलम झोपलेलं आहे कारण त्याच्याआधीच्या पायऱ्या ढिल्या आहेत. अनेक ठिकाणी संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर इतर योजनांच्या फायलींचाही ढीग असतो. साठ दिवसांची मुदत कागदावर राहते. अंतरिम आदेश मिळाला तरी त्याची प्रत पोलीस ठाण्यात पोचलेली नसते, म्हणून रात्री अकराला फोन केल्यावर, ‘आदेश आणा, मग बघू’ असं उत्तर मिळतं.

पायऱ्या बांधता येतात, हे महाराष्ट्राने दाखवलंही आहे. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने मिळून पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथे पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्ती बसली. पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभं राहिलं, जिथे पडल्याचं सांगत आलेल्या बाईला डॉक्टर आणि समुपदेशक वेगळा प्रश्न विचारू लागले. केसपेपरवर ‘पायऱ्यांवरून पडली’ ऐवजी ‘नवऱ्याने मारल्याचं सांगते’ असं लिहिलं गेलं, की पुढच्या कोर्टाला शिक्षा ठरवायला आधार मिळतो.

मे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका सुनेच्या मृत्यूने राज्य हादरलं. खटला न्यायप्रविष्ट आहे, त्यावर बोलणं योग्य नाही. मात्र तेव्हा उठलेल्या मागण्या ओळखीच्या होत्या : फाशी द्या, जलदगती कोर्ट नेमा, कायदा कडक करा. १९८२ मध्येही लोक असेच रस्त्यावर आले होते आणि त्यातून कायदे बदलले. आता कमाल शिक्षा आणखी वाढवल्याने काही साधेल असं वाटत नाही. तीनाचे पाच केले तरी, समझोत्याने संपणाऱ्या खटल्यात आणि त्याच संध्याकाळी मिळणाऱ्या जामिनात पाचाचाही अर्थ शून्यच राहील. त्यापेक्षा चार गोष्टी कायद्यात आणि कामात यायला हव्यात. शिक्षेच्या सुनावणीत तिचं म्हणणं नोंदवणं बंधनकारक करावं. शिक्षा अपुरी वाटल्यास तिला अपिलाचा हक्क द्यावा. घरातल्या हिंसेसाठी शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं लिहावीत आणि, ‘घरातलं प्रकरण’ हा सौम्यतेचा मुद्दा त्यांत स्पष्ट शब्दांत नाकारावा. आणि संरक्षण आदेश निघाला त्याच दिवशी त्याची प्रत ठाण्यात पोचवून, तो मोडणाऱ्याला त्याच आठवड्यात कोर्टापुढे उभं करावं. पहिल्या तीन गोष्टींना विधिमंडळं आणि न्यायालयं लागतील. चौथीला नवा कायदा लागत नाही. ती जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक आणि महिला व बालविकास अधिकारी ठरवतील तर या महिन्यापासून करू शकतात.